डाव्या चाकाची दृष्ट

आमच्या गल्लीतले रुपचंद आबा कोणतीही वस्तू दुरुस्त करायला ती जागेवरून काढत नाहीत. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तर घड्याळ खाली उतरत नाही, आबा वर चढतात. शर्टाचं बटण तुटलं तर शर्ट अंगातच राहतो आणि कोकिळाअक्का, म्हणजे आबांची बायको, त्यांच्या दातात काडी देऊन छातीशी सुई घेऊन उभी राहते. मागे त्यांच्या खाटेचा पाय निखळला, तेव्हा खाटेवर त्यांचे मेहुणे दुपारचे झोपले होते. आबांनी पाय बसवला, खिळे ठोकले, वर हलवून पाहिलं. मेहुणे उठले ते चहाच्या वेळेला, आणि आपल्याला भूकंपाचं स्वप्न पडलं असं सांगू लागले. त्यांना अजून कोणी खरं सांगितलेलं नाही.

मी मोहिनी. मूळची चोपड्याची, इथे हायस्कुलात भूगोल शिकवते. आमचं गाव कन्नड घाटाच्या अगदी पायथ्याशी, चाळीसगावच्या अलीकडे. घाट उतरला की चार मिनिटांत गाव येतं. आमची गल्ली पुढून बंद आहे. डाव्या हाताला आबांचा ओटा, उजव्या हाताला माझ्या घराची भिंत आणि त्या भिंतीत माझ्या स्वयंपाकघराची खिडकी. मला दुसऱ्यांच्या घरात डोकावायची सवय नाही. पण खिडकीच तिथे आहे, त्याला मी काय करू?

आणखी एक सांगून ठेवते. मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं, कारण दिवसभर तेच काम मी करते. म्हणून आबांची आणि माझी पहिली भेट भांडणानेच झाली.

माझी जुनी गाडी ब्रेक दाबला की थरथरायची. स्टिअरिंगपासून माझ्या चष्म्यापर्यंत सगळं हलायचं. एकदा गल्लीत शिरताना ब्रेक दाबला, तर ओट्यावर बसलेला हा बारीक, उंच म्हातारा मान वर न करता म्हणाला, "मॅडम, तुमनी गाडीले थंडी वाजी राह्यनी."

मी म्हटलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"टर्नर शे," ते म्हणाले. "बत्तीस वरीस लेथवर काढात. सकाय दारशे उभी करा, काढानं काहीच नही."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी दार उघडलं तर माझी गाडी जॅकवर होती, पुढचं चाक शेजारी आडवं पडलं होतं आणि आबा चाकाच्या जागी एक यंत्र लावत होते. मी विचारलं नव्हतं, हो म्हटलं नव्हतं. चावी दारामागच्या खिळ्यावरच होती, चोरीला गेली असंही म्हणता येईना.

हे यंत्र म्हणजे आबांचा जीव. निवृत्त होताना मिळालं ते सगळं त्यांनी या यंत्रात घातलं. लोक ट्रॅक्टर घेतात, मुलीच्या लग्नाला ठेवतात. आबांना मुलगी नाही आणि ट्रॅक्टर आवडत नाही. हा एक छोटा लेथ आहे, लोखंड फिरवत तासणारा, चाकं लावलेल्या गाड्यावर बसवलेला. गाडीच्या चाकाआड जी लोखंडी चकती असते, जिला दोन्ही बाजूंनी चिमटा बसला की गाडी थांबते, ती डिस्क वापरून वापरून वाकडीतिकडी होते. मग ब्रेक थरथरतो. बाकीचे मिस्तरी डिस्क काढतात, बदलतात किंवा लेथवर कापायला पाठवतात. आबा चाक काढतात, चिमटा सोडवून तारेने वर टांगून ठेवतात, आणि डिस्क आहे तिथेच ठेवून तिच्यावर यंत्र नटांनी आवळतात. डिस्क फिरू लागते, दोन बारीक पाती दोन्ही बाजूंनी तिला खरवडतात, आणि खाली लोखंडाच्या चकचकीत फिती पडत राहतात.

"काढून का नाही करत?" मी विचारलं. माझा आवाज अजून चढलेलाच होता.

आबा डिस्कला ताट म्हणतात. ते म्हणाले, "ताट काढं, चाळीसगावले लयी गया, तठे सरळ कयं. परत आठे बसाडं ते वाकडंच! तठलं सरळ आठे काय कामनं? जठे फिरस तठेच सरळ कराले पाहिजे."

मला पटलं होतं आणि ते मला आवडलं नव्हतं. त्या दुपारी गाडी थांबली ती लोण्यासारखी. त्या दिवसापासून मी त्यांना आबा म्हणते.

आता त्यांच्या मुलाविषयी. हितेंद्र संभाजीनगरला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. माणूस चांगला, पण समोर ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीत खोट शोधायची त्याला पगारी सवय लागलेली. चहा दिला तर कप उजेडात धरून बघतो. दर दुसऱ्या शनिवारी तो घाट उतरून आई-वडिलांकडे येतो आणि रविवारी दुपारी परत जातो. घाट उतरताना तो वरपासून खालपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून येतो. आबांनी त्याला गिअरमध्ये घाट उतरायला दहादा सांगितलं असेल. तो म्हणतो, "आबा, नव्या गाड्यांना चालतं."

त्याने दोन वर्षांपूर्वी नवी पांढरी गाडी घेतली आणि तिचा ब्रेक थरथरू लागला. तिकडच्या सर्व्हिस सेंटरने डिस्क बदलली. चार महिन्यांनी पुन्हा थरथर. पुन्हा बदलली. तिसऱ्यांदा तिथल्या माणसाने हितेंद्रला नम्रपणे विचारलं, "सर, गाडी नेमकं कोण चालवतं?" हे त्याला फार लागलं.

त्याच सुमाराला त्याच्या मनाने घेतलं की आई-आबांना आता संभाजीनगरला न्यायचं. आबा सदुसष्टचे, गुडघे कुरकुरतात, आणि दिवसभर चाकापाशी उकिडवं बसायचं. त्याचं चुकत होतं असं नाही. त्याची बायको शिल्पा हिनेही खोली रिकामी करून ठेवली होती, नवे पडदे लावले होते. पण आबा एकदा तिकडे राहून आले होते. चार दिवस. पहिल्या दिवशी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मालकाला ब्रेकचं निदान सांगू लागले. चौथ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीने हितेंद्रला वर बोलावून घेतलं.

"तठे माले काय काम शे?" आबा मला म्हणाले होते. "माले बी काढी, लांब लयी जाई, तठे बसाडतीन. मी तठे वाकडाच बसू, मॅडम." ते हसून म्हणाले, पण हातातला पाना त्यांनी उगाच तीनदा पुसला.

अक्कालाही जायचं नव्हतं. तिची शेळी, तिचा ओटा, तिची भजनाची मंडळी. पण ती मुलापुढे बोलायची नाही.

श्रावणातल्या एका रविवारी हा विषय ओट्यावरच निघाला. मी खिडकीत तांदूळ निवडत होते. हितेंद्र म्हणाला, "आबा, जळगावचा एक गॅरेजवाला मशीन घ्यायला तयार आहे. दसऱ्याला पूजा करू आणि देऊन टाकू."

आबांनी ओट्यालगत उभ्या असलेल्या त्याच्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुनी गाडी थरथरस ना?"

"थरथरते. त्याचं काय?"

"मी नीट करसू. दसराले थरथरनी नही, ते मशीन आठेच आन् आम्हीन बी आठेच. थरथरनी, ते आम्हीन दोन्ही तुनामांगे. मुकाट."

हितेंद्रला हसू आलं. दोनदा डिस्क बदलून जे झालं नाही ते ओट्यासमोर होणार? त्याने लगेच हो म्हटलं. हिशोब करणारी माणसं असे करार लवकर करतात.

त्याच दिवशी आबांनी गाडी जॅकवर घेतली. उजवी डिस्क मापली, जवळजवळ नवीच होती. डावी मात्र वाकडी. यंत्र लावलं, खरवडली, पुन्हा मापली. हितेंद्रने गावाबाहेर जाऊन ब्रेक दाबून पाहिला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. गाडी सरळ थांबत होती. अक्काने सगळ्यांना साखर वाटली. मलाही खिडकीतून दिली.

पंधरा दिवसांनी हितेंद्र पुन्हा आला. शनिवारी दुपारी घाट उतरून आला तेव्हा ब्रेक उत्तम होता, हे त्याने स्वतः कबूल केलं. रविवारी सकाळी आईला घेऊन चाळीसगावच्या बाजारात निघाला आणि गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला तर गाडी थरथरली.

आबा ओट्यावर उभे होते. त्यांनी ते लांबूनच पाहिलं. असा चेहरा मी एकदाच पाहिला आहे, आमच्या शाळेतल्या एका हुशार मुलीचा, तिचा पेपर हरवला तेव्हा. मला इतका राग आला की कोणावर काढावा ते कळेना. शेवटी दूधवाल्यावर काढला.

हितेंद्र वाईट नाही, त्याने लगेच विजय साजरा केला नाही. फक्त म्हणाला, "आबा, राहू द्या आता."

"दसरा व्हयना का?" आबांनी विचारलं.

"नाही."

"मंग."

त्यांनी पुन्हा माप घेतलं. प्रत्येक डिस्कच्या कडेला ती किती पातळ झाली की फेकून द्यायची ते कोरलेलं असतं. आबांनी चष्मा कपाळावर ढकलून ते वाचलं, मग माझ्या खिडकीकडे बघून म्हणाले, "एकच दाव आखो कापाई. मंग ताट संपनं." म्हणजे अजून एकदाच कापता येईल. ते चुकलं तर पुन्हा कापायला लोखंडच उरणार नव्हतं.

त्यांनी घाई केली नाही. हितेंद्रला सांगितलं, दसऱ्याआधीच्या शुक्रवारी रजा टाकून ये, त्या दिवशी कापू. तोवर थरथर सोसायची.

मधल्या दिवसांत आबा विचार करून करून अर्धे झाले. धुळ्याला जाऊन तिथल्या जुन्या मिस्तरींना विचारून आले. कोणी म्हणालं बेअरिंग, कोणी म्हणालं चाकाचे नट. आबांनी सगळं तपासलं होतं. त्यांना एकच गोष्ट खात होती.

"डावंच काबरं?" ते म्हणाले. "दोन्हीसले घाट सारखा. ब्रेक सारखा. पाय एकच. मंग डावंच काबरं वाकडं व्हस?"

मी त्या वेळी ओट्यावर त्यांच्यासमोर चहा पीत बसले होते. अक्का शेळीला घेऊन रानात गेली होती. मी म्हटलं, "आबा, मला तुमच्यातलं काही कळत नाही. पण डाव्या चाकाची काळजी तर या घरात सगळ्यात जास्त घेतली जाते."

"कशी?"

"अहो, अक्का पाणी घालतात ना."

आबांनी कप खाली ठेवला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाने ते कधी पाहिलेलंच नाही. शनिवारी ते यंत्र टेम्पोत टाकून धुळ्याच्या गॅरेजांत जातात आणि दिवेलागणीला येतात. हितेंद्र येतो दुपारी. त्याच्या स्वागताला आबा कधीच घरी नसतात.

मग मीच सगळं सांगितलं. आपल्याकडे लांबून कोणी आलं की भाकरतुकडा ओवाळून टाकतात आणि गाडीच्या चाकावर पाणी घालतात. कोकिळाअक्का हे अगदी मनापासून करते. गाडी ओट्याला चिकटून थांबते. उजवीकडे माझी भिंत, तिथे मांजरही शिरत नाही, म्हणून पाणी पडतं ते ओट्याकडच्या पुढच्या चाकावर. पाणी पडलं की चाकातून चर्र आवाज येतो आणि वाफ निघते. अक्का मला खिडकीकडे बघून दर वेळी सांगते, "देखा मॅडम, कितली नजर लागेल व्हती! बठ्ठी जयनी." पोराला लागलेली सगळी नजर जळाली. जेवढा चर्र मोठा तेवढी तिला नजर मोठी वाटते, आणि मुलाचं घर, गाडी, पगार बघता ती मोठीच असणार याची तिला खात्री आहे.

"किती पाणी?" आबांनी विचारलं. इतक्या हळू की मला आधी ऐकूच आलं नाही.

"आधी तांब्या असायचा. तुमची ती पैज लागल्यापासून बादली."

"बादली," आबा म्हणाले.

"पैज तुम्ही जिंकावी म्हणून. त्या मला म्हणाल्या, आपल्याला इथून जायचं नाही, तर काहीतरी करायला नको का?"

घाटभर ब्रेकवर पाय. लाल तापलेली डिस्क. चार मिनिटांत घर. आणि वर विहिरीच्या पाण्याची बादली. आबा उठले, पायरीपाशी गेले, परत आले, पुन्हा बसले. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं माणूस रडतो आहे. ते हसत होते. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसले, आणि मग त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं हे मला दिसलं.

मला वाटलं, सुटलो. मी म्हटलं, "लगेच हितेंद्रला फोन लावा! अक्कांना सांगा, पाणी बंद. पैज जिंकलीच तुम्ही."

"नही," आबा म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"तिले कोणी सांगानं नही. दोन नव्या डिस्का गयात, पोऱ्यानी लाज गयी, आन् ते तिना पानीपायी? मरी जाई ती, मॅडम. आन् सूनबाई जनमभर हाशी." मग थोडं थांबून म्हणाले, "बठ्ठा पैसा मशीनमा गया, तरी तिनी माले एक दाव बी म्हनं नही, का तुम्हनं हाई मशीन कसाले."

मला राग आला. खरं सांगितलं की पाच मिनिटांत मिटेल अशी गोष्ट, आणि हा माणूस स्वतःचं घर पणाला लावून बसला होता. मी तसं बोलूनही दाखवलं. आबांनी माझा कप उचलून आत नेऊन ठेवला. म्हणजे मी घरी जावं.

दसऱ्याआधीच्या शुक्रवारी हितेंद्र आला. आबा त्या दिवशी गावाबाहेर फाट्यावरच यंत्र घेऊन बसले होते. गाडी घरापर्यंत येऊच दिली नाही. "आठे हवा चांगली शे," असं कारण सांगितलं. अक्का घरी बादली भरून वाट बघत राहिली. फाट्यावर बाभळीखाली आबांनी डिस्क गार होऊ दिली आणि डावं ताट शेवटचं कापलं. मी शाळेतून तशीच तिकडे गेले होते. त्यांनी पातं इतकं हलकं टेकवलं की फिती नव्हत्याच, नुसता चुरा पडत होता. एरवी काम करताना आबा बडबडतात. त्या दिवशी ओठ घट्ट मिटलेले होते.

काम झाल्यावर हात पुसत ते मुलाला म्हणाले, "आते देख. हाई ताट नाजूक शे. घाट उतरना का चहाना टपरीवर अर्धा तास थांबानं. गाडी बंद. मंगच घर येवानं. दर दाव."

"का?"

आणि लोखंडाविषयी आयुष्यात कधी खोटं न बोललेला हा माणूस पहिल्यांदा खोटं बोलला. "ताटले… आराम लागस," ते म्हणाले. "घाट उतरीसन ते दमस. दमेल ताट घर लयी येवानं नही."

हितेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी बाभळीकडे पाहिलं. क्वालिटी विभागात डिस्क दमत नसावी. पण बापाचे काळे झालेले हात आणि लाल झालेले कान बघून त्याने काय ते समजून घेतलं, निदान वाद घातला नाही. गाडी त्याने तिथूनच परत नेली.

"उद्या घाट उतरून मुक्कामाला येतो," तो म्हणाला. "शिल्पाला घेऊन. रविवारी ब्रेक बघू, मग काय ते ठरवू."

शनिवारी आबा धुळ्याला गेले नाहीत. पोट दुखतं म्हणाले. सकाळपासून ओट्यावर बसून घाटाकडे कान लावून होते. दुपारी गाडी गल्लीत आली तेव्हा शिल्पा उतरता उतरताच म्हणाली, "अर्धा तास चहा! दोन-दोन कप झाले, आबा." अक्काने भाकरतुकडा ओवाळला, लांब फेकला, आणि दोन्ही हातांनी बादली उचलून डाव्या चाकावर उपडी केली.

काही वाजलं नाही. पाणी पडलं आणि मुकाट्याने गटाराकडे वाहून गेलं. आबांनी डोळे मिटून श्वास सोडला. अक्का मात्र रिकामी बादली धरून चाकाकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला.

रविवारी हितेंद्रने आम्हा सगळ्यांना गाडीत घातलं. अक्का पुढे, आबा, शिल्पा आणि मी मागे. रस्ता रिकामा बघून त्याने एकदा ब्रेक दाबला, दोनदा दाबला, जोरात दाबला. गाडी थांबली, हलली नाही. शेवटी त्याने डॅशबोर्डवर पाण्याने काठोकाठ भरलेला कप ठेवून ब्रेक दाबला. हे त्याला कंपनीत शिकवलं असेल. पाणी काचेवर आपटून त्याच्या पॅंटवर सांडलं, पण सरळ रेषेत सांडलं.

"आबा," तो ओल्या पॅंटने म्हणाला, "मशीनला दसऱ्याला हार मी आणतो." जळगावच्या माणसाला त्याने तिथूनच फोन करून नाही म्हणून सांगितलं. आबा खिडकीबाहेर बघत होते. माझ्या बाजूला बसले होते म्हणून मला दिसलं, ते उजव्या हाताने स्वतःचा डावा हात घट्ट धरून बसले होते.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण अक्काला चैन पडेना. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती आपट्याची पानं घेऊन माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली.

"मॅडम, चर्र वाजनं नही," ती म्हणाली. "नजर उतरनी नही का मना पोऱ्यानी?"

मी म्हटलं, "नजर नसेलच लागली."

"असं कसं? नवे पडदे शेतस त्यासना घरमा."

मला खोटं बोलता येत नाही, रागावता येतं. म्हणून मी पाठ फिरवून कामाला लागले. भाकरी झाल्या होत्या, तवा लाल झाला होता. मी तो सांडशीने उचलून सरळ नळाखाली धरायला गेले, तेवढ्यात अक्का ओरडली, "ओ मॅडम! तापेल तवावर थंडं पानी टाकतस का? वाकडा व्हई जाई तो!"

आणि ती तिथेच थांबली.

तवा माझ्या हातात होता. नळ चालू होता. अक्का आधी तव्याकडे बघत होती, मग खिडकीतून पलीकडे, ओट्यालगतच्या त्या रिकाम्या जागेकडे, जिथे गाडी उभी राहते. मी नळ बंद केला. 

"डावंच चाक," ती म्हणाली.

"हो."

"त्यासले माहीत शे?"

मी होकारार्थी मान डोलावली.

अक्काने हातातली आपट्याची पानं उंबऱ्यावर ठेवली. मग पदर तोंडाला लावला. "आन् तुम्हना आबा बोलनात नही," ती म्हणाली. "मीच बादली वतू, मीच देवले हात जोडू, का आमले आठेच राहू दे. आन् त्या बोलनात नही." तिला रडू येत होतं आणि मधेच हसूही फुटत होतं. मी तवा तसाच गॅसवर ठेवला आणि तिच्याशेजारी खाली बसले. निघताना तिने मला बजावलं, "त्यासले सांगू नका, का माले समजनं."

म्हणजे आता दोन्ही बाजूंनी तोंड बंद ठेवायचं माझ्याकडे आलं. माझ्यासारख्या बाईवर लोक हे काम का टाकतात कळत नाही.

परवाच्या शनिवारी हितेंद्र आणि शिल्पा आले, चहाचा अर्धा तास करूनच आले. आबा घरी होते. आताशा ते शनिवारी धुळ्याला सकाळीच जाऊन येतात. अक्का ताटात भाकरतुकडा घेऊन बाहेर आली, ताट पायरीवर ठेवून आतून बादली आणली. मी खिडकीत होते. बादलीतून वाफ निघत होती.

तिने पाणी घातलं. आबा पायरीवरून उतरले आणि सवयीप्रमाणे चाकापाशी वाकले. त्यांनी डिस्कला बोट लावलं, ती गार होती. मग खाली ओघळणाऱ्या पाण्याखाली हात धरला आणि तसेच वाकलेले राहिले.

"काय देखतस?" अक्का म्हणाली. "हिवायाना दिन शेतस. पानी कोमट करं मी."

आबा उभे राहिले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. अक्का रिकाम्या बादलीची कडी वरखाली करत होती. मग आबांनी पायरीवरच्या ताटातला भाकरतुकडा उचलला, आणि मुलगा, सून, शेळी आणि माझी खिडकी या सगळ्यांसमोर तो तिच्यावरून तीनदा ओवाळला.

"काय करी राह्यनात!" अक्का ओरडली. "लोके देखतस ना!"

"हालू नको," आबा म्हणाले. "जागावरच उभी राह्य." आणि त्यांनी भाकरतुकडा गल्लीच्या तोंडापर्यंत लांब फेकला.

मला दुसऱ्यांच्या घरात डोकावायची सवय नाही. म्हणून मी खिडकी लावून घेतली आणि चष्मा पुसला.